खोका

मुंबईची हवा पत्र्याला सोसत नाही.
म्हणून औषधांच्या बाटल्यांतल्या, बुटांच्या डब्यांतल्या
'खाऊ नये' लिहिलेल्या त्या पुड्या मी जमवतो
आणि कपाटात प्रत्येकाच्या पायाशी एकेक ठेवतो,
नैवेद्यासारखी.

सतरा आहेत. सगळे जपानी,
सगळे माझ्याच वयाच्या आगेमागे.
एकाच्या छातीत दिवा लागायचा,
बॅटरी पाझरून आता आतून हिरवा झालाय.
एक चालतो, पण उजवीकडेच.
एकाचं पोट उघडलं तर आतल्या बाजूला
मासळीच्या डब्याची छपाई निघाली,
अर्धा मासा, उलटी अक्षरं.
लढाईनंतर त्यांच्याकडे तरी कोरा पत्रा कुठे होता.
ही म्हणाली, म्हणजे डबा-बाटलीच की.

मटन स्ट्रीटचा हातिमभाई आधी एकच विचारतो,
"खोका है?"
खोका असेल तर भाव तिप्पट.
पत्र्याला पोचा चालतो,
पुठ्ठ्याला सुरकुती चालत नाही.
मी मान हलवतो, नाही.

एक आहे.
नुसता खोका. आत कोणी नाही.

तारदेवला जालच्या मामानं आणलेला, बोटीवरून.
माझे वडील खालच्या दवाखान्यात कंपाउंडर,
म्हणून शनिवारी मला वर बोलवायचे,
हात लावायचा नाही या अटीवर.
लादीवर तो खडखडत यायचा,
छातीच्या काचेत ठिणग्या,
आणि जाल त्याच्यामागे रांगत, जणू तोच चालवतोय.
मी खोक्याकडे बघत राहायचो.
खोक्यावरचा मोठा होता.
मागे पेटलेलं आभाळ, गुडघ्यापर्यंत इमारती,
आणि पाठीत चावी नव्हती.

शर्टाखाली घालून जिना उतरलो. नऊ वर्षांचा होतो.
कोपरा पोटाला टोचत होता.

परवा खोर्शेदचा फोन आला. जाल गेला, जानेवारीत.
घर आवरत होती.
"तू ते पत्र्याचे माणस जमा करते ने?"
नॅपकिनमधे गुंडाळून दिला.
डावा हात नाही.
चावी मात्र गळ्यात, सुतळीनं बांधलेली.
"एनो खोका पन होता, सरस.
जालनी महिनाभर शोधला.
डॅडीनी मारला त्याला, चीज सांभाळते नाय म्हणून."
मी चहा संपवला. बशीत सांडलेलाही.

रात्री ही झोपल्यावर माळ्यावरून खोका काढला.
बसला तो आत. बरोबर बसला.
डाव्या हाताच्या जागेत एक पुडी मावली.

हातिमभाईला सांगितलेलं नाही.
खोर्शेदला सांगायचं तर आधी कुठून सुरू करू.
काल पुन्हा बाहेर काढून चावी दिली,
दोन फेरे. तिसऱ्याला हात थांबला.
स्प्रिंग तुटलेली नाहीये.
आत काहीतरी धरून बसलंय.