जीव भांड्यात

पहाटे पावणेतीनला माझ्या छताचा कोपरा ओला झाला,
आधी बशीएवढा, मग परातीएवढा,
मग थेट शिवणयंत्रावर टप्, टप्,
कुणा नवरीच्या पांढऱ्या साटीनवर.

वर लुद्विक राहतो, निवृत्त ट्रामचालक.
अकरा वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत आलो
जिन्यात ठेवलेल्या एका सायकलीवरून.
(सायकल कुणाची, ते नाही सांगत.)

अंगावर झगा ओढला, चार शिव्या जिभेवर तयार ठेवल्या
आणि चौथ्या मजल्यावर गेले.
दार उघडंच.

तो गुडघ्यांवर बसलेला. खाली अर्धी चड्डी,
वर ट्राम कंपनीचा निळा कोट.
टाकीचा सांधा तळाशी बोटभर सुटलेला,
आणि तिथं त्यानं अंगठा दाबून धरलेला,
जणू दोनशे चाळीस लिटर पाणी
म्हाताऱ्याच्या अंगठ्याला भीक घालणार होतं.

"हीटर," तो म्हणाला. नमस्कार नाही, माफी नाही.
"आधी हीटरची पिन काढा. पाण्याबाहेर पडला की तडकतो."
काढली.
शिव्या गिळल्या. अजून पोटात असतील.

मग बादल्या. नळीचं टोक तोंडात धरून ओढलं,
तोंडभर शेवाळ.
"गिळू नका," तो म्हणाला. उशिरा.
फिल्टरचा काळा स्पंज मी कचऱ्यात टाकणार
तर केवढ्यांदा ओरडला!
त्यात म्हणे न दिसणारे जीव राहतात,
सगळ्यांची घाण तेच निस्तरतात,
ते सुकले की आठवड्यात टाकी मेली.
माझ्या बीटच्या सूपाच्या पातेल्यात ठेवला मग,
पाण्यात बुडवून, वर झाकण.

पण मासे ठेवायचे कुठे?
त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं टब फोडून शॉवर बसवला.
"टब माझ्याकडे आहे," मी म्हणाले,
आणि म्हटल्याबरोबर गप्प झाले.

वूचमध्ये तेव्हा नाताळच्या आधी
घरोघरच्या टबात एक कार्प मासा पोहायचा.
मी सहा वर्षांची. आमच्याचं नाव बोबेक ठेवलं.
तो माझ्या बोटाला ओठ लावायचा.
चोवीस तारखेला मला दूध आणायला पाठवलं;
परत आले तर टब घासलेला, कोरडा, लख्ख.
बाबांनी एक खवला दिला,
पाकिटात ठेव म्हणाले, पैसा टिकतो.
खवला टिकला.

त्याच टबात आता त्याच्या टाकीचं कोमट पाणी,
सात बादल्या, प्रत्येकीला छत्तीस पायऱ्या.
वर थोडं नळाचं. क्लोरीनचं औषध दोन झाकणंच उरलेलं,
म्हणून सर्दीच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मी खलबत्त्यात कुटल्या.
त्यानं नाक मुरडलं, पण चिमूट मोजून टाकली.

आणि मग चहाच्या गाळणीतून, हलक्या हातानं,
एकेक जीव भांड्यात पडू लागला:
एकोणीस निऑन, सहा कोरी, दोन एंजल.
लाकडात घुसलेला मांगूर काही केल्या निघेना,
तो लाकडासकट आणला,
लुद्विकच्या कडेवर, बाळासारखा.
उजाडलं तेव्हा आम्ही दोघं
टबाच्या काठावर बसलेलो. बोलायला काही नव्हतं.
बॅटरीवरचा पंप बुडबुडत होता.

बारा दिवस मी बेसिनपाशी अंग पुसलं.
सकाळ-संध्याकाळ तो थर्मामीटर घेऊन यायचा,
बूट दाराबाहेर काढून.
तिसऱ्या दिवशी मोठा एंजल आडवा तरंगत होता.
त्यानं रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला,
आणि चहाला थांबला नाही.

साटीनवरचा डाग गेला नाही.
तिथं एक फूल जास्तीचं शिवलं,
नवरीला तेच सगळ्यात आवडलं.

नवी टाकी आली. मासे वर गेले.
काल टब घासायला बसले, हातात ब्रश,
तर नळाच्या खाली, सावलीत,
मसुराएवढी एक गोगलगाय काचेसारखी चिकटलेली.

अजून सांगितलं नाही त्याला.
दोन बोटं पाणी ठेवलंय.