शेवटचा रकाना

वाळवी उजवीकडून शिरली,
त्यामुळे नावं शाबूत आहेत, वयं शाबूत,
रोग निम्मेशिम्मे,
आणि 'अंतकाळचे शब्द' हा शेवटचा रकाना
नुसती भुकटी.
फुंकर मारायचीही भीती वाटते.

भायखळ्याच्या देवळात, उपदेशपीठामागच्या खोलीत,
पाळकांनी वही हातात दिली:
"उतरून काढा. तुमचं अक्षर बँकेतलं आहे."
एकतीस वर्षं लोकांची शिल्लक पुढच्या पानावर नेली.
आता ही.

त्र्यंबक हरी, वय एकावन्न, पटकी.
नेवाशाचा. त्रेचाळीस साली इथं कपाळावर पाणी घेतलं,
त्याच महिन्यात तिकडं बापानं
दर्भाचा पुतळा करून प्रवरेकाठी जाळला.
सुतक धरलं. पुढं दरसाल पितृपक्षात
भाऊ त्याचं पान वाढायचा.
कावळाही शिवायचा म्हणे, लगेच,
आणि हा इकडे माझगावात
पोरांना त्रैराशिक शिकवत,
दुधात डबलरोटी बुडवून खात, जिवंत.
हे वहीत नाही. हे त्यानंच कधीतरी
वडीलमंडळाच्या सभेत हसत सांगितलं,
चिटणिसानं चिठोऱ्यावर टिपून आत खोचलं.
वहीत तिथी एकच.
मी समासात पेन्सिलीनं दुसरी लिहिली, मग खोडली.
दोनदा खर्ची पडलेला माणूस
कुठल्या बाजूला मांडायचा?

यशया भिवा. आडनावाचा रकाना कोरा.
छापखान्यात खिळे जुळवायचा. वय अडतीस, क्षय.
उलटं वाचायची इतकी सवय
की घरच्या प्रार्थनेत बायकोसमोर बसायचा,
पुस्तक तिच्याकडं सुलट,
तरी ओळ आधी हाच म्हणायचा.
मंडळीतल्या सगळ्यांच्या मृत्युवार्ता त्यानं जुळवल्या.
त्याची जुळवली हाताखालच्या पोरानं.
कात्रण आहे. 'विश्वासू'तला सू
डोक्यावर उभा आहे.
कुणी दुरुस्त केला नाही.

एक मूल. नाव नाही. वय: तीन तास.
इथंही शेवटचा रकाना खाल्लेला.
इथं वाळवीनं काय खाल्लं असेल?

सत्त्याण्णवच्या पानावर ती थांबली आहे.
शाई वेगळी असेल, नाहीतर डिंक.
सगुणाबाई योहान शेलार, वय चौतीस, गाठीचा ताप.
मुलींच्या वसतिगृहात अकरा रात्री उशाशी बसली,
बाराव्या रात्री खाट तिची.
मडमेनं विचारलं (प्रश्नही लिहून ठेवलाय, चोख):
बाई, या घडीला तुझा भरवसा कोणावर?
उत्तर: खिडकी लावू नका.
आणि पुढं, दुसऱ्या हातानं, दुसऱ्या शाईत:
म्हणजे, स्वर्गाची.

पाऊण तास मी त्या ओळीशी बसले.
त्या दिवसांत घरांची कौलं काढायचे,
उजेड येऊ दे, हवा येऊ दे म्हणून.
बंदराकडून वारा सुटला असेल,
सुक्या बोंबलाचा वास घेऊन,
आणि ताप चढलेल्या बाईला
तेवढाच पुरेसा असेल.
तिच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही.
राग आला तो त्या दुसऱ्या हाताचा,
ज्याला नुसती खिडकी पुरली नाही.

मग कोपऱ्यात बारीक सही दिसली:
यो. शे.
नवरा.

दोन्ही ओळी उतरवल्या.
दुसरीसाठी शिपायाकडून निळं पेन मागून घेतलं.
तो म्हणाला, बाई, साडेसातला कुलूप लावायचंय.

कोरी जागा राहिली की बँकेत आम्ही
आडवी रेघ मारायचो,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.
हात सवयीनं पट्टीकडं गेला.
त्र्यंबकच्या ओळीत नाही मारली.
यशयाच्या नाही.
तीन तासांच्या त्या पोरासमोर
पट्टी नुसती ठेवली, सरळ केली,
उचलून घेतली.