हिला कसं कळतंय

उदगीरला, बसस्टँडच्या मागं, माझं औषधाचं दुकान.
धुरपतबाई पट्टी उलटीपालटी करत विचारते,
“दुखलालाय गुडघा, अन् गोळी जातीय पोटात.
हिला कसं कळतंय वं, कुठं जायचं?”

कळत नाही, मावशी.
चार वर्षं फार्मसी शिकून एवढंच सांगता येतं.
ती रक्तात उतरते अन् सगळीकडंच जाते:
टाचेत, कानाच्या पाळीत,
न दुखणाऱ्या दुसऱ्या गुडघ्यातसुद्धा.
यकृताच्या नाक्यावर जकात भरते,
उरते तेवढी पुढं.
दारोदार चाचपत फिरते,
ज्या कुलपात बसते तिथं थांबते.
तसलंच कुलूप जठरातही आहे,
म्हणून म्हणतो, कोरभर भाकरी खाऊन घ्या.

“दोन घेतल्या तर?”
कुलपं तेवढीच की.
जास्तीची नुसती पोट पोखरणार.

“मग ऱ्हाती कुठं?”
चार तासांत अर्धी सरते,
पुढच्या चारांत अर्ध्यातली अर्धी,
मग तिच्यातली अर्धी…
ती बोटं मिटत जाते, मध्येच थांबते.
“म्हंजे पुरती संपतच न्हाई म्हना.”
मी कॅल्क्युलेटर बाजूला सारतो.

मग पट्टी मधोमध मोडते ती,
पाच कनवटीला, पाच पिशवीत.
“ह्या बाळूच्या मायला. तिची कंबर धरलीय.
हिला गुडघा कळत न्हाई म्हंता,
मग कंबर तरी काय कळायची?”

जळकोटची बस हॉर्न देते.
बाळूच्या मायला अल्सर आहे.
मला ठाऊक आहे ते,
गोळीला नाही.
मी काउंटरची फळी उचलतो,
“ओ मावशी—”