पितृपंधरवड्यातलं कार्यालय

दांडिया बाजारातलं मंगल कार्यालय
पितृपंधरवड्यात निम्म्या भाड्यात मिळतं.
आम्हाला हवी होती फक्त जमीन,
अकरा मीटर सलग, मध्ये खांब नको.
रखवालदारानं विचारलं, काका, कार्य कशाचं?
मी म्हटलं, शिडाचं.
त्याला पिंडाचं ऐकू आलं.
त्यानं चपला बाहेर काढल्या
आणि पंखे लावले, हळू.

बोट भावनगरकडे चिखलात टेकून आहे.
सत्तावीस फूट, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान,
भरतीला उठते, ओहोटीला कुशीवर होते.
पुढचं शीड जुन्या चालीचं, हुकांचं:
वारा चढला की नाळेपर्यंत रांगत जायचं
आणि ओल्या कापडाशी झोंबत ते खाली ओढायचं.
मागल्या माघात मी गेलो.
गुडघा तिथेच राहिला.
सुकाणूवरून चारुशीला काय ओरडली ते वाऱ्यानं नेलं;
घरी आल्यावर तिनं ते सावकाश, पुन्हा सांगितलं.

मग चौकशा. दोरी ओढली की
शीड दांडीभोवती आपोआप गुंडाळलं जाईल,
बसल्या जागेवरून, असं यंत्र.
परदेशी नव्याचा भाव एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिला,
त्यात जकात मिळवली,
आणि पत्रिका पालथी ठेवली.

अलंगच्या रस्त्याला मोडलेल्या जहाजांच्या
खुर्च्या, बेसिनं, थांबलेली घड्याळं विकायला असतात.
एका दुकानामागे, बाभळीला टेकून,
ॲल्युमिनियमच्या सहा खाचेच्या नळ्या.
एक वाकडी.
दुकानदार म्हणाला, पडद्याचे रॉड आहेत.
मी वाद घातला नाही.
पडद्याच्या भावात घेतल्या.

खालची चक्री मकरपुऱ्यात
हसमुखभाई पांचाळांनी लेथवर काढली.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय, द्वारकेला,
तोही पाठमोरा, फोटोपुरता.
पण बेअरिंग फिरवून कानाशी धरलं आणि म्हणाले,
याला सीलबंद नको. उघडंच ठेवू.
मीठ आत जाणारच,
मग धुता तरी येईल ने.

एक गोष्ट मला रात्री उठवते:
वर, डोलकाठीच्या टोकाशी,
दोर कधी कधी दांडीलाच विळखा घालतो.
मग शीड ना उघडत, ना मिटत.
चारुशीलानं विचारलं, तेव्हा काय करायचं?
तेव्हा पुढे रांगत जायचं.
म्हणजे एवढं करून पुन्हा तेच?
पुन्हा तेच, म्हटलं, पण क्वचित.

इस्माईलभाई फरशीवर ओणवे.
जन्मभर मंडप शिवले. म्हणतात,
आम्ही वाऱ्याला वाट देतो, साहेब,
तुम्ही त्याला धरायला सांगताय.
त्यांची खडूची रेघ सरळ. मी म्हटलं, सरळ नको,
शिडाला पोट हवं.
केवढं?
चारुशीलानं माझ्याकडे पाहिलं.
याच्याहून कमी.

अर्धं गुंडाळलेलं शीड पिशवीसारखं लोंबतं,
म्हणून पुढच्या कडेत गादीचा फोम, पातळ कापून.
शीड एकच परवडणार होतं.
मला मोठं हवं होतं,
थोडक्या वाऱ्यातही जीव धरणारं.
ती म्हणाली, बेताचं शिवा.
बोटीवर माणसं दोन,
आणि दोघांत मिळून गुडघे तीन.
इस्माईलभाईंनी मला न विचारता खडू आत घेतला.

मिटल्यावर बाहेर उरते तेवढीच कड उन्हात जळते.
तिच्यासाठी वेगळी पट्टी,
कुणाच्या तरी स्वागत-कमानीतून उरलेली, वांगी रंगाची.

चौथ्या दिवशी, दिवेलागणीला, ते बाहेर काढलं:
साडेतीन मीटरची पांढरी गुंडाळी,
तीन जागी सुतळीनं बांधलेली,
पुढे मी, मागे इस्माईलभाई, मध्ये रखवालदार, अनवाणी.
टेम्पो कोपऱ्यापलीकडे उभा होता.
एक स्कूटरवाला थांबला,
पाय टेकले,
हात जोडले.
भजीवाल्यानं झारा बाजूला ठेवला.
आम्ही कुणीच काही बोललो नाही.
चारुशीला पुढे चालत होती, रस्ता मोकळा करत,
मुठीत उरलेल्या पट्टीचा तुकडा,
आणि हसू नये म्हणून
ओठ घट्ट मिटलेले.

इस्माईलभाईंचे अजून तेवीसशे द्यायचे आहेत.