धन बाजूची तार

पौषात फोन आला. उन्हाळ्यात आला असता
तर मी कारण विचारलंच नसतं.
मे महिन्यात नागपुरात सगळंच तापतं,
नळाचं पाणी, गाडीची सीट, माणसांची डोकी.
पण रात्री पारा नऊवर, गोळीबार चौकात शेकोट्या,
आणि उदाराम पराते म्हणतात,
"बाई, तिसरा लॅम्प हाय हा.
कंपनी दोन हजार तास म्हणते,
हा सातशेतच लपलपून राहिला."

लॅम्प बंद केला, पंखा चालू ठेवला.
दहा मिनिटं थांबायचं. थांबणं हेही कामच.
गार झाला तरी झेनॉन आत दबा धरून असतो,
म्हणून तोंडावर ढाल, अंगात जाड जाकीट,
उदारामजींना म्हटलं, खोकायचं तर तिकडे जाऊन खोका.

दार उघडलं. काच ठीक. आरसा ठीक.
ऋण टोक स्वच्छ.
धन टोकाशी मात्र लग जांभळा,
निखाऱ्यावर विसरलेल्या वांग्यासारखा,
आणि तारेवरचं आवरण
बोट लागताच कुरडईसारखं मोडलं.
नट चिमटीत धरून पाहिला. फिरला.
पान्याशिवाय फिरायला नको होता.

ढिली जागा तापते, तापली की आणखी ढिली होते,
हे उस्तादांनी सांगितलं तेव्हा माझं लग्न ठरत होतं,
मला वाटलं ते दुसरंच काही सुचवतायत.
नाही. ते नटाबद्दलच बोलत होते.

पण एकट्या नटाने इतकं भाजत नाही.
तिकिटाचा अर्धा तुकडा धुराड्याच्या तोंडाशी धरला.
ओढला जायला हवा, चिकटून बसायला हवा.
तो माझ्या बोटांतच राहिला,
हलला म्हणावं तर हलला.
हवा नाही.
मग वाऱ्याची पट्टी कशी पडली नाही?
ती पडली की लॅम्प विझतो,
तेवढ्यासाठीच तर बसवलेली असते.

झाकण काढलं. पट्टी पडलेलीच होती, केव्हाची.
तिला वळसा घालून दोन टोकं जोडणारी एक तार,
आणि तारेला गाठ:
बारीक, चपटी, शेपट्या कापलेल्या,
वरून बोट फिरवलं तर कळूही नये अशी.
इलेक्ट्रिशियन पीळ मारतो.
अशी गाठ तुटला ताणा सांधणारा मारतो.

उदारामजींच्या बापाचा माग होता तांडापेठेत.
मी काही बोलले नाही.
तेच म्हणाले, "भर शोत बंद पडे जी.
पब्लिक खुर्च्या फाडे."

मग लोखंडी जिना, मग गच्ची.
धुराडं सरळ आभाळात जायला हवं होतं.
ते तेलाच्या डब्यांचे पत्रे जोडजोडून
दोनदा वाकलं होतं
आणि चौकीदाराच्या खोलीत शिरलं होतं.
आत खाटेवर बिसन मरसकोल्हे, गोधडीत,
पायाशी प्रोजेक्टरची ऊब, नऊ ते बारा.
"इंटरवलमध्ये पाय गार पडते," म्हणाला,
जणू तक्रार नोंदवायला मीच आले होते.

वाकडे पत्रे त्यानेच काढले.
मी फक्त बॅटरी धरली.

खाली नवा लग, नवी तार, नवा नट,
पान्याने, शेवटच्या पाव फेऱ्यापर्यंत.
ती गाठ उदारामजींनी सोडवली नाही, कापली,
तुकडा खिशात टाकला.
तिकीट उडून धुराड्याला चिकटलं.
ठिणगी. पडद्यावर कोरं पांढरं.

रजिस्टरात काय काय बदललं ते लिहिलं.
'कारण' या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं,
मग "हवा" लिहिलं, सही केली.

बिसन दारात उभा होता, गोधडी खांद्यावर.
उदारामजींनी पायाने स्टूल सरकवलं
रेक्टिफायरच्या बाजूला.
"इथं बस. हाबी तपते.
जाळीले मात्र टेकू नको."