तिसरा पुकारा

निरोपाच्या भाषणात कुणीतरी आकडे वाचले.
अकरा हजार चारशे दावे निकाली,
एका दाव्याला सरासरी चौदा तारखा लागत, आता पाच.
टाळ्या. कूलर घरघरत होता,
खसच्या ताट्यांचा ओला वास,
बाहेर सिव्हिल लाइन्समधलं डांबर मऊ झालेलं.

मी मागे, दाराशी,
जिथे एकतीस वर्षं उभा राहिलो.
माझं काम नाव घेण्याचं.
तीनदा. मोठ्यानं. बापाच्या नावासकट.

पिंपळखुटे मॅडम प्रधान न्यायाधीश होऊन आल्या
तेव्हा इथे तारीख म्हणजे पानसुपारी होती,
वकील मागायचे, कोर्ट द्यायचं.
पहिल्याच सोमवारी त्यांनी विचारलं,
"कारण?"
वकीलसाहेब अशिलाकडे पाहू लागले.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

मग भिंतीवर फळा आला,
कोणता दावा किती वाजता, खडूनं.
रेकॉर्डरूममधली वाळवी निघाली,
तिच्यासोबत एकोणऐंशी सालचा एक गठ्ठा,
त्यातले वादी प्रतिवादी दोघंही वारलेले,
त्यांची नातवंडं एकाच शाळेत मास्तर.
निकालपत्र मराठीत.
साक्षीदाराला बसायला स्टूल.
ज्यांना स्टूल किरकोळ वाटतं
त्यांनी चार तास उभं राहून खरं बोलून पाहावं.

सगळंच चांगलं झालं असं नाही.
तरुण जज घड्याळाकडे पाहत ऐकू लागले.
कारकून चिंचमलातपुरे म्हणायचा,
"मॅडमनं कोर्टाचं बसस्टँड केलं बाप्पा,
सुटली का सुटली."

गंगाधर तुकाराम पौनीकर.
गोळीबार चौकातला विणकर,
मागाच्या खोलीचा दावा,
गुडघ्यात पाणी, लिफ्ट बंद, तिसरा मजला.
मी पहिला पुकारा दिला.
दुसरा दिला.
जिन्यात काठी वाजत होती, मला ऐकू येत होती.
फळ्यावर अकरा वाजून दहा लिहिलेलं.
दहा पायऱ्या असतील फार तर.
मी तिसरा दिला.

दावा गैरहजेरीत खारीज.
तो दारात आला तेव्हा पुढचं नाव चालू होतं.
भांडला नाही. घाम पुसून
"चालते," म्हणाला,
आणि बराच वेळ बाकावर बसून राहिला.

अर्जावरून दावा पुढे परत उभा राहिला,
पौनीकर राहिला नाही.
त्याच आठवड्यात मॅडमनी आदेश काढला :
सत्तरीपुढचे सगळे तळमजल्यावर,
न्यायाधीशानं खाली उतरायचं.
आज भाषणात त्याला दूरदृष्टी म्हणाले.
मॅडम तेवढा वेळ
पेल्यातलं पाणी बघत होत्या.

जाताना गाडीपाशी थांबल्या.
"रंगारी, तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."
एकतीस वर्षांत मला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.
म्हणालो, स्टूल चांगलं होतं.
हसल्या.
मला काठीचं सांगायचं होतं.
ड्रायव्हरनं दार लावलं.

सोमवारी नवे साहेब येतील.
फळा राहील, जाईल, त्यांचं ते बघतील.
मी मात्र दुसऱ्या पुकाऱ्यानंतर
खोकतो, चष्मा पुसतो,
यादी उलटी धरून पुन्हा सुलटी करतो.
दिवसाला वीसेक मिनिटं जातात त्यात.
अहवालात नाहीत ती.