झोळीचा काटा

ननाशीच्या उपकेंद्रात
मी काट्याला झोळी अडकवते.
दोन किलो शंभर.
बाळ झोपेतच मूठ उघडतं, मिटतं.

नाशिकच्या ट्रेनिंगला पडद्यावर एक रेघ होती :
आईच्या उपाशी पोटातून निघून
पन्नाशीतल्या साखरेपर्यंत गेलेली.
वहीत उतरवून घेतली. चहा झाला. बस पकडली.

आता तीच रेघ बाकावर बसलीय.
धवळीबाई टोपले, पायाची जखम महिनाभर ओली,
साखर दोनशे ऐंशी.
शेजारी सून कौशी, द्राक्षबागेतून परस्पर आलेली,
छाटणीनंतर काड्यांना लावायच्या पेस्टचा
डाग अजून बोटांवर.

"शेवटची जेवलीस कधी?"
कौशी सासूकडे बघते.
सासू जखमेकडे.

वही उघडते, पुन्हा मिटते.
म्हणते, "धवळीबाई, आजपासून पहिली भाकर हिची.
तुमच्या नातवाच्या पायासाठी."

ती गप्प. मग जरा रागानंच,
"माझ्या वेळी नव्हतं कुणी असलं सांगायला."

पिशवीतून फडक्यात बांधलेली नागलीची भाकर काढते.
मोडते.
तुकडे सारखे होत नाहीत.
मोठा उजव्या हातात,
हात मधेच थांबलेला,
आणि बाहेर पेठची जीप हॉर्न देतेय.